आजारपणात मनाला काय सांगावे?

चातुर्मासात आम्ही गावोगाव कीर्तनास जातो. कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावून घेण्यास मंडळी पुढे आली की त्यांत एखादा तरी मागे रेंगाळतो आणि हळूच घरातल्या आजाऱ्याचा विषय काढतो. हल्ली त्या विषयाला एक नवा फाटा फुटला आहे. "महाराज, आई सहा महिने अंथरुणाला खिळली आहे. कोणी सांगतात, तिच्याकडून रोज शंभर वेळा 'मी ठणठणीत आहे, मला काही झालेले नाही' असे म्हणवून घ्या, म्हणजे बरी होईल. आई म्हणते, त्यापेक्षा मी विठ्ठल विठ्ठल म्हणते. दोन्ही एकच ना?"

दोन्ही एकच नव्हेत, आणि अगदी परकीही नव्हेत. ती कोठे जुळतात आणि कोठे वेगळी होतात हे नीट पाहिले पाहिजे. कारण हा प्रश्न सभेतल्या वादाचा नाही. रात्री दोन वाजता कण्हत पडलेल्या माणसाच्या तोंडी कोणता शब्द द्यावा, याचा आहे.

प्रथम हे मान्य करू की मनाला दिलेला आधार हा उपचाराचाच भाग आहे. हे काही कोणी काल शोधून काढले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, औषध तीन प्रकारचे सांगितले आहे. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, होम, उपवास, नमस्कार वगैरे. युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार आणि औषधे यांची विचारपूर्वक योजना. आणि सत्त्वावजय म्हणजे अहितकारक विषयांपासून मनाला आवरून धरणे. पाहा, तिन्ही एका ओळीत बसविली आहेत. एक असले म्हणजे दुसरे नको, असे चरकाचार्य म्हणत नाहीत. पुढे आपल्याला याची गरज लागणार आहे, म्हणून ध्यानात ठेवावे.

पतंजलींनी योगसूत्राच्या पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय मोजले, त्यांत पहिला मान व्याधीला दिला आहे. या अंतरायांच्या सोबत कोण येते? दुःख, दौर्मनस्य म्हणजे खट्टू झालेले मन, अंगाचा कंप, आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. ज्याने एकदा कडक ताप काढला आहे त्याला हे चारही पाहुणे ओळखीचे आहेत. त्यांवर उपाय सांगितला तो एका तत्त्वाच्या अभ्यासाचा. अनेक ठिकाणी धावणारे चित्त एका ठिकाणी पुन्हापुन्हा आणून लावावयाचे. दुसऱ्या पादात प्रतिपक्षभावना आहे: नको तो विचार चढाई करून आला की त्याच्या उलट विचाराला पुढे करावे. तेथे प्रसंग हिंसा, असत्य इत्यादी वितर्कांचा आहे, आजारपणाचा नाही. पण रीत तीच. मनाला काही सांगून त्याचे तोंड फिरविता येते, हे आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होते.

आता 'धीराचे वाक्य घोकावे' या आजच्या पद्धतीचे एक मूळ पाहू गेले तर ते फ्रान्स देशात सापडते. नान्सी नावाच्या शहरात एमिल कुए (१८५७–१९२६) नावाचे गृहस्थ होते. पेशाने औषधविक्रेते. त्यांच्या असे ध्यानात आले की, बाटली हाती देताना औषधाची दोन शब्दांत स्तुती केली तर तेच औषध अधिक गुण देते. त्यावरून त्यांनी पद्धत बसविली. निजण्यापूर्वी आणि जाग येताच, डोळे मिटून, एक छोटेसे वाक्य वीस वेळा पुटपुटावयाचे. आशय असा की दिवसागणिक आपण सर्व बाजूंनी सुधारत आहोत. आणि मोजावयास काय, तर वीस गाठी मारलेली दोरी! आम्ही हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस गंमत वाटली. तुळशीची माळ गळ्यात नसेल तर मनुष्य सुतळीला गाठी मारतो, पण मोजल्यावाचून त्याला राहवत नाही. कुए प्रामाणिक होते. मी कोणाला बरे करीत नाही, ज्याचा तोच बरा होतो, असे ते सांगत. त्यांच्या वाक्यात 'सुधारत आहे' एवढेच होते, 'मला रोगच नाही' असे नव्हते. मागून आलेल्यांनी वाक्य फुगविले.

आणि फुगविलेले वाक्यच चावते. घरात दाणा नाही आणि आल्यागेल्यास कोठार भरले आहे म्हणून सांगावे, तर पाहुणा फसेल. पोट कसे फसेल? गुडघ्यात कळ येत आहे आणि तोंड म्हणते आहे 'मी ठणठणीत', तर आतला साक्षी ते ऐकतो, आणि हे खोटे आहे अशी नोंद करून ठेवतो. असे शंभर वेळा झाले म्हणजे शंभर वेळा खोटे पडल्याचा शीण येतो.

आमच्या नित्याच्या श्रोत्यांत एक डॉक्टर आहेत. त्यांनी आम्हांस एका प्रयोगाची हकीकत वाचून दाखविली. २००९ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांस स्वतःविषयीचे एक चांगले वाक्य पुन्हापुन्हा म्हणावयास सांगितले. ज्यांचे स्वतःविषयी मत आधीच चांगले होते त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचे मत हीन होते, म्हणजे ज्यांना त्या वाक्याची खरी गरज, त्यांना उलट अधिक वाईट वाटले. हा प्रयोग आजाऱ्यांवर केलेला नव्हता, हे सांगितले पाहिजे. परंतु मनाचा जो धर्म त्यात दिसतो तो अंथरुणावरही बदलत नाही. भरलेल्या पोटाला पक्वान्नाचे वर्णन गोड लागते, उपाशी पोटाला ते जाळते.

येथे कोणी शंका घेईल. "महाराज, मग 'पांडुरंग माझ्या उशाशी उभा आहे' हे तरी खरे कशावरून? उशाशी तर सलाइनची बाटली टांगलेली दिसते." शंका योग्य आहे. तिचे समाधान आमच्या गुरूंनी पाठशाळेत शिकविलेल्या एका भेदावरून होते. दोरीला साप समजणे हा भ्रम. शाळिग्रामाच्या ठिकाणी विष्णूची बुद्धी करणे ही उपासना. दोन्हीकडे एका वस्तूवर दुसरीचा आरोप आहे, मग फरक काय? भ्रमात मनुष्याला दोरी दिसेनाशी होते. उपासनेत शाळिग्राम दगड आहे हे उपासकाला पुरते ठाऊक असते, तो जाणूनबुजून, शास्त्राच्या आज्ञेने, तेथे भगवंताला पाहतो. म्हणून दिवा आणला की भ्रम पळतो, आणि दिवा आणला तरी उपासना तशीच राहते. उलट पूजेला दिवा लावावाच लागतो!

हाच भेद आजाऱ्याच्या वाक्याला लावून पाहा. 'मला काही झालेले नाही' हा भ्रम मुद्दाम अंगी आणण्याचा खटाटोप आहे. वैद्याचा कागद हाती आला की तो पळतो. 'तो जवळ आहे' ही भावना आहे. ती बाटली नाकारीत नाही, कळ नाकारीत नाही, डॉक्टरांनी सांगितलेले रोगाचे नावही नाकारीत नाही. 'मला दुखत नाही' या वाक्याचा पुढच्याच कळेने पराभव होतो. 'दुखते आहे, आणि देवा, तू जवळ आहेस' या वाक्याचा पराभव कोणत्या कळेने व्हावा? कळ आली की त्याचा अर्धा भाग खरा ठरतो आणि दुसऱ्या अर्ध्याला हाक जाते.

पूजेचा संकल्प आठवा. त्यात आयुष्य आणि आरोग्य यांची वृद्धी व्हावी 'म्हणून' पूजा करतो असे म्हणतात. वृद्धी 'झाली' असे म्हणत नाहीत. जुन्या लोकांना मागणे आणि मिळणे यांतला फरक कळत होता. आजाऱ्याने आरोग्य जरूर मागावे. मागण्यात लाज नाही. पण पदरात पडले नाही ते पडले म्हणून स्वतःला फसवू नये.

आपल्या संतांनी या बाबतीत जी वाट घालून दिली ती अत्यंत मोकळी आहे, आणि आमच्या मते ती पुरेशी सांगितली जात नाही. वारकरी म्हटला की सदा हसतमुख, टाळ कुटणारा, दुःख ठाऊक नसलेला, असे एक चित्र लोकांनी करून ठेवले आहे. तुकोबारायांच्या गाथेत करुणापर अभंग किती आहेत ते पाहावे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांनी पहिली पत्नी गमावली, मूल गमावले, धंदा बुडाला. त्या मनुष्याने 'सर्व उत्तम चालले आहे' असे घोकले काय? तो रडला, देवाशी भांडला, देवाला कठोर म्हणाला, आणि त्याच तोंडाने नाम घेत राहिला. नामदेवरायांचे पांडुरंगाशी रुसवे-फुगवे तर आबालवृद्धांस ठाऊक आहेत. म्हणजे तक्रार ही नामाची वैरी नव्हे. ज्याच्यापाशी तक्रार करता येते तोच जवळचा. परक्याला मनुष्य 'ठीक आहे' एवढेच सांगतो.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दुःख पाहत जावे असे सांगितले आहे. शके १२१२ मध्ये त्यावर बोलताना ज्ञानोबारायांनी म्हातारपण काय करते ते अंगप्रत्यंग घेऊन वर्णिले आहे. तारुण्यातच ते डोळ्यांपुढे आणावे, हा त्यांचा हेतू. ज्या संप्रदायाचा आद्य ग्रंथ निरोगी माणसालाही रोगाकडे डोळे उघडून पाहा असे सांगतो, तो संप्रदाय रोग्याला डोळे मिटून 'रोग नाही' म्हणावयास कसा सांगेल?

मग संत मनाला सांगतात ते कसे? नाथमहाराजांनी शके १४९५, म्हणजे १५७३ साली, काशीक्षेत्री एकादश स्कंधावरील टीका पुरी केली. त्या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या ब्राह्मणाची कथा आहे. पैशाचा अतिलोभी, पैसा गेला, आप्त फिरले, तो भिक्षू झाला. लोकांनी त्याची विटंबना केली, मारले, अन्न विटाळले. तेव्हा त्याने एक गीत गाइले: माझ्या सुखदुःखाचे कारण हे लोक नव्हेत, देव नव्हेत, ग्रह, कर्म, काळ यांपैकी काही नव्हे, मनच सारे फिरविते. हे गीत म्हणजे पीडित माणसाने स्वतःला दिलेला धीर होय. त्यात 'मला कोणी मारलेच नाही' असे एक अक्षर नाही. मार अंगावर आहेच. तो माराला मनाच्या गाभ्यापर्यंत पोहोचू देत नाही, एवढेच.

परंतु येथे एक गोष्ट कंठरवाने सांगितली पाहिजे. भिक्षूने ते गीत स्वतःला गाइले. दुसऱ्याच्या उशाशी बसून 'सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणणे हे भिक्षुगीत नव्हे, ते क्रौर्य आहे. औषध तेच, पण कोणी कोणास द्यावे याचा विधी आहे. आमच्या परिचयातील एक बाई कर्करोगाने आजारी असता एका शिबिरास गेल्या. तेथील वक्त्याने भर सभेत सांगितले की, तुमच्याच नकारी विचारांनी हा रोग ओढवून घेतला आहे. विचार पालटा, रोग जाईल. त्या माउलीने घरी येऊन दुखते हा शब्दच टाकला. का, तर तो उच्चारला की वाक्य मोडते आणि रोग वाढतो! तीन आठवडे तिने हाडातली वेदना डॉक्टरांपासून लपविली. वेदना सांगितली असती तर तिच्यावर औषध होते. धीराच्या वाक्याचे असे झाकण झाले, आणि झाकणाखाली माणूस एकटा पडला. रोग होणे हा मनाचा गुन्हा नाही, आणि बरे न होणे हा श्रद्धेचा पराभव नाही. आजाऱ्यावर आधीच एक ओझे आहे, त्यावर दोषाचे दुसरे ठेवणाऱ्याला आम्ही उपदेशक म्हणावयास तयार नाही.

आपल्या घरातही हे होते, वेगळ्या शब्दांत. "नेमाने माळ ओढली असती तर ही वेळ आली नसती," असे सासू सुनेला किंवा सून सासूला म्हणते. तेही बंद झाले पाहिजे. ज्ञानोबारायांचा देह एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी समाधिस्थ झाला; नाम आणि आयुष्याची लांबी यांचा हिशेब असा जुळत नसतो.

संतांच्या बोलण्यातील आणखी एक लकब पाहण्याजोगी आहे. ते स्वतःशी बोलतात तेव्हा 'मी, मी' करीत नाहीत. समर्थांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि त्यांचे नावच सांगते की ते कोणाला उद्देशून आहेत. मनाला समोर बसवून, लेकराला सांगावे तसे ते सांगतात. तुकोबा तर अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' अशी आपल्याच नावाची मुद्रा घालतात, जणू तुका म्हणून कोणी शेजारी बसला आहे. आम्ही चाळीस वर्षे ही मुद्रा गात आलो, ती कवीची सही म्हणून. आमच्या त्या डॉक्टरांनी सांगितले की, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, कसोटीच्या प्रसंगी जो 'मी' असे म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून समजावतो, त्याची घालमेल कमी होते. आम्ही म्हणालो, डॉक्टर, मग आमची सही फुकट गेली नाही! तेव्हा आजाऱ्याने हेही करून पाहावे. 'मी घाबरलो आहे' याऐवजी, 'रखमे, घाबरलीस होय? घाबर हो. पण जरा श्वास घे, सकाळी डॉक्टर येणार आहेत.' आपलीच आजी आपल्याशी बोलावी तसे. यात खोटे काही नाही, आणि ऐकणारा साक्षी खूश होतो.

आता औषधाविषयी. शास्त्रात दहा नामापराध सांगितले आहेत, त्यांत नामाच्या बळावर पाप करणे हा एक आहे. नाम घेतो ना, मग वाटेल ते करीन, ही ती बुद्धी. आमच्या मते नामाच्या बळावर कुपथ्य करणे हे त्याचेच धाकटे भावंड आहे. वारीला निघताना साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरी ठेवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. "माउली चालवते आहे, गोळी कशाला?" अहो, माउली चालवते आहे म्हणूनच गोळी पिशवीत असावी. तिच्या लेकराने चक्कर येऊन दिवेघाटात पडावे, असे तिला वाटते काय? क्षयाचे औषध साधारणतः सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबला, देव पावला, म्हणून ते सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तोच रोग पुढे कठीण होऊन बसतो, घरातल्यांनाही लागतो. चरकाचार्यांनी तिन्ही औषधे एका ओळीत बसविली आहेत असे वर सांगितले, ते एवढ्याचसाठी.

मग आईने करावे काय? तिने स्वतःच उत्तर दिले आहे. ती विठ्ठल विठ्ठल म्हणते. आम्ही त्यात थोडी भर घालतो.

शब्द लहान असावा. आजाऱ्याला लांब वाक्य पेलत नाही, आणि अर्थाचा विचार करावा लागेल असे तर नकोच. विठ्ठल हे तीन अक्षरांचे नाम आहे, रामकृष्णहरी हा मंत्र त्याहून थोडा मोठा. जे लहानपणापासून कानावर पडले तेच घ्यावे. तापात नवीन स्तोत्र पाठ करावयास बसू नये. नाम श्वासाबरोबर सोडावे. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात एक प्रयोग छापला. तेवीस निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतला, तेव्हा दोन्हींत श्वास आपोआप मंदावून मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या गतीतही हितकारक ताल दिसला. एरवी मनुष्य मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. भाषा वेगळी, देव वेगळा, पण छातीचा भाता तोच. पतंजलींनी बिघडलेल्या श्वासाला अंतरायाचा सोबती का म्हटले, ते यावरून उमगते. मात्र दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या आजाऱ्याने श्वास बळेच लांबवू नये. नामाने श्वासाच्या मागे चालावे, पुढे नव्हे.

संख्येचा हट्ट नको. १०८ मणी निरोग्यासाठी. आजाऱ्याच्या हाती माळ द्यावी, पण कितवा मणी हे विचारू नये. पुष्कळदा नुसता मणी बोटांत धरून ठेवणे हाच जप असतो. आणि जीभ चालेनाशी झाली तर म्हणावे कोणी? घरच्यांनी. हळू आवाजात, अंथरुणाच्या पायथ्याशी नव्हे, कानाच्या बाजूला बसून. दहा जणांनी टाळ घेऊन खोली दणाणून सोडू नये. आम्ही टाळकरी असून हे सांगतो आहो! आजाऱ्याने मान हलवून नको म्हटले तर थांबावे आणि नुसता हात धरून बसावे.

घरच्या मंडळींच्या तोंडचे वाक्यही खरे असावे. "तुला काही होत नाही गं" असे लेक म्हणतो, आणि आई त्याच्या डोळ्यांकडे पाहून ओळखते. त्यानंतर ती आपली भीती त्याला सांगत नाही. दोघेही एकमेकांना सांभाळीत खोटे बोलत राहतात, आणि सांगावयाचे ते राहून जाते. "आई, मी आज रात्री इथेच आहे," हे वाक्य त्याहून मोठे आहे. ते पाळता येते.

आणखी एक साधन आहे, आणि ते खास आपले आहे. २०२० साली करोनाच्या साथीत पायी वारी निघाली नाही. पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या आणि वारकरी घरोघर राहिले. पुढच्या वर्षीही मोजक्याच लोकांस जाता आले. त्या दोन वर्षांत कित्येक भाविकांनी, काहींनी तर दवाखान्याच्या खाटेवर एकट्याने पडून, मनाने वारी केली. मानसपूजा शास्त्राला मान्य आहे, मग मानसवारी का असू नये? ज्याने आयुष्यात एकदा जरी ती वाट तुडविली आहे त्याला नवीन काही शिकावे लागत नाही. रात्री दिवा मंद झाला की आळंदीला इंद्रायणीवर हातपाय धुवावेत, माउलींपुढे माथा ठेवावा आणि निघावे. पुण्याचा मुक्काम, मग दिवेघाटाची चढण, सासवडला सोपानकाकांचे दर्शन, जेजुरीला भंडारा. वाल्ह्याहून पुढे नीरेचे स्नान, मग लोणंद. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र होतात, आणि तेथून पंढरी. एकेका मुक्कामाला थांबावे. तेथे कोण भेटले होते, कोणी पाणी दिले होते, कोणत्या घरी भाकरी खाल्ली होती, ते आठवावे. हे सारे खरे घडलेले आहे. यात 'मी ठणठणीत आहे' असे स्वतःला पटवावे लागत नाही. जे पाय आज चालत नाहीत तेच एके काळी ही वाट चालून गेले, एवढेच आठवावयाचे. ज्याने वारी कधी केली नाही त्याला घरातल्या वारकऱ्याने हळू आवाजात मुक्काम सांगत जावे.

घाई करू नये. बहुतेकांचा दिवेघाट चढता चढता डोळा लागतो. लागू द्यावा, त्याला जागे करू नये. दुसऱ्या रात्री पुन्हा आळंदीपासून निघण्याचे कारण नाही. सासवडला माउलींचा मुक्काम दोन रात्रींचा असतो, तेव्हा तेथूनच उठून जेजुरीची वाट धरावी.